रोषणाई दर्शन, गाईडसह

दिवाळीच्या लाईटच्या माळा आपण दर वर्षी नीट गुंडाळून खोक्यात ठेवतो, आणि पुढच्या वर्षी एक ओढली की तिच्याबरोबर चार बाहेर येतात. आमच्या टॅक्सीच्या किश्श्यांचं तसंच झालंय. परवा नाक्यावर एकाने मला एवढंच विचारलं, "अण्णा, यंदा किती फेऱ्या झाल्या?" आणि मी पाऊण तास बोललो! मध्येच तो रिक्षा पकडून गेलासुद्धा, ते माझ्या उशिरा लक्षात आलं. आता तुम्ही सापडला आहात, तर ऐका.

आधी माणसं सांगतो. जयवंत म्हणजे ड्रायव्हर. त्याची व्हॅन टॅक्सी एरवी बोईसर स्टेशन ते चिंचणी अशी शेअर सीटवर चालते. दिवाळीत कंपन्यांना सुट्ट्या, कामगार गावाला गेलेले, स्टँडवर चिटपाखरू नाही. पाच वर्षांपूर्वी अशाच एका रिकाम्या संध्याकाळी त्याला कल्पना सुचली आणि त्याने काचेवर बोर्ड लावला: "दिवाळी रोषणाई दर्शन. गाईडसह." बोईसरचा बाजार, एमआयडीसीतले सजवलेले गेट, सालवड, चिंचणी, तारापूर गावाची वेस आणि परत स्टेशन.

त्यातला गाईड म्हणजे मी. मूळचा सांगलीकडचा. इथे एका केमिकल कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये नोकरी केली, रिटायर झालो, सालवडलाच राहिलो. जयवंत माझा शेजारी. त्याने मला गाईड का नेमलं असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "अण्णा, तुमी घरी बोलता तेच गाडीत बोला. वैनीला पन तेवढा आराम!"

आणि तिसरी भारती, जयवंताची बायको. तिच्याबद्दल पुढे येईलच.

*

पहिल्याच फेरीला माझी फजिती झाली. बाजारात शिरलो, दोन्ही बाजूंना लाल-पिवळ्या माळा लुकलुकत होत्या, लोक "वा, वा" करत होते आणि मला दरदरून घाम फुटला.

त्याचं असं आहे, कंट्रोल रूममध्ये पॅनलवरचा दिवा लुकलुकायला लागला की तो अलार्म. आपण बटण दाबायचं, म्हणजे "कळलं बाबा" असं सांगायचं, मग तो दिवा स्थिर होतो. आयुष्यभर हेच केलेलं! आणि इथे सबंध बाजार लुकलुकतोय आणि बटण कुठेच नाही!

माझा हात आपोआप पुढे गेला आणि मी डॅशबोर्डवरचं जे दिसलं ते बटण दाबलं. वायपर सुरू झाले.

मागून एक बाई कौतुकाने म्हणाल्या, "बघा, काच पुसून दाखवतात. सर्व्हिस चांगली आहे हो!"

*

एमआयडीसीत एका कंपनीचा उंचच उंच कॉलम आहे, म्हणजे रसायन उकळायचा लोखंडी मनोरा. त्याच्या शिडीला आणि प्रत्येक मजल्याच्या कठड्याला दिवे आहेत. एका फेरीला सोलापूरहून मुलीकडे आलेल्या एक मावशी होत्या. गेटवरच्या तोरणांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. कॉलम दिसला तशी त्यांनी गाडी थांबवायला लावली.

"ही कुठल्या शेठची रोषणाई?"

मी खूश! त्या कॉलममध्ये काय उकळतं, वर काय जातं, खाली काय उरतं, सगळं सांगितलं. वर कामाला चढणाऱ्या माणसाला पाय ठेवायची जागा दिसावी म्हणून ते दिवे असतात, हेही सांगितलं. मावशींनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी जयवंताला विचारलं, "दिवाळी झाली की काढतात?"

"नाय मावशी. बारा मयने हाय. तिनी शिप्टला."

मावशींनी गाडीतूनच हात जोडले. म्हणाल्या, "हौसेला मोल नाही बाई!"

*

जयवंताचा एक नियम आहे. गाडी मागे फिरणार नाही. कुणाचं बघायचं राहिलं, फोटो हलला, डुलकी लागली, तरी नाही. "लायट एकदाच दिसते. नाय दिसली तर पुढल्या दिवालीला या." हे तो इतक्या गंभीरपणे सांगतो की लोकांना तो धर्मातला नियम वाटतो.

एकदा एक बिहारचा कामगार होता. सुट्टीत गावाला जायला मिळालं नाही म्हणून व्हिडिओ कॉलवर बायकोला रोषणाई दाखवत होता. सबंध फेरीभर मोबाईल खिडकीबाहेर, आणि ह्याची नजर मोबाईलवर. रेंज जायची, यायची, हा "दिखा? दिखा?" करायचा. स्टेशन आलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण स्वतः काहीच पाहिलं नाही.

"भैया, एक चक्कर और मारो ना."

"गाडी पीछे नहीं जाएगा," जयवंत म्हणाला.

तेवढ्यात मोबाईलमधून त्याच्या बायकोचा आवाज आला. "अजी रहने दो, हमको सब दिख गया. बस वो जो आदमी बीच-बीच में भाषण दे रहा था, उसको अगली बार मत बैठाना!"

जयवंताने पुढचे चार दिवस ते वाक्य स्टँडवरच्या प्रत्येकाला ऐकवलं. मी कामावर होतो तेव्हा माझ्याविरुद्ध एक तक्रार नव्हती!

*

माझी दुसरी खोड म्हणजे बंद दिवा दिसला की मला राहवत नाही. चिंचणीला एक बंगला आहे. तिथे गॅलरीवर निळा मोर करतात, खरंच बघण्यासारखा. तिसऱ्या वर्षी मोराच्या पिसाऱ्यातली एक माळ बंद होती. मी "दोन मिनिटं" म्हणून उतरलो, बेल वाजवली आणि मालकांना सांगितलं.

त्यांना वाटलं, इलेक्ट्रिशियन आला! "या, या, सकाळपासून वाट बघतोय," म्हणून त्यांनी मला सरळ स्टुलावर चढवलं. आता चढलोच आहे म्हणून मी पिनमधली सैल वायर बसवली. मोर पुरा पेटला. गाडीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उतरतोय तर मालक म्हणाले, "आता आलाच आहात तर आतला पंखाही बघून जा. कुरकुरतो."

मी पंखा बघत असताना गाडी निघून गेली. सांगितलं ना, मागे फिरत नाही! मी चिंचणीहून सालवडला रिक्षाने आलो. जयवंत म्हणाला, "फेरी भारी झाली अण्णा. सगले बोलत होते, यंदा शांततेत बघायला भेटलं."

*

आता भारती. प्रत्येक फेरीत प्रवाशांना चकलीची एक-एक पुडी मिळते, ती तिच्या हातची. दिवाळीचे पाच दिवस ती पहाटे चारला उठून तळायला बसते. गाडी तिच्या दारावरून जाते, थांबते, ती पुड्यांची पिशवी खिडकीतून आत देते आणि परत चुलीकडे वळते.

तिला एकदा ही रोषणाई बघायची होती, बस. सालवडच्या पलीकडची दिवाळी लग्नानंतर तिने पाहिली नव्हती. दर वर्षी जयवंत म्हणायचा, "बसशील ना, पुढल्या फेरीला." एका वर्षी नवी साडी नेसून बसलीसुद्धा! तर पालघरहून एक म्हातारं जोडपं धापा टाकत आलं आणि भारती आपणहून उतरली. पुढच्या फेरीला नणंदेचे पाहुणे आले. त्याच्या पुढच्या फेरीला पीठच संपलं.

ती रडली-बिडली नाही. यंदा पहिल्या दिवशी मला पिशवी देताना हसून म्हणाली, "अण्णा, आख्ख्या तालुक्याला माझा नवरा दिवाली दावतो. मला दिसते ती त्याच्या गाडीची मागची लाल लायट!"

मी हसलो आणि गाडी पुढे गेली. मग माझं हसू थांबलं. गाडीत ड्रायव्हरशेजारी एकच सीट. पाच वर्षं त्या सीटवर कोण बसलं होतं? मी! इतरांच्या घरचे बंद दिवे शोधत फिरणारा हा शहाणा माणूस! मला मनापासून लाज वाटली.

*

यंदाच्या पाडव्याला भारतीने जयवंताला ओवाळलं. त्याने तबकात साडीचं पाकीट ठेवलं. तिने ते उचलून त्याच्या हातात परत दिलं.

"साडी नको. शीट द्या."

जयवंत माझ्याकडे बघायला लागला. मी प्रवाशांच्या यादीची वही उघडून दाखवली. संध्याकाळच्या फेरीत पहिलं नाव मी आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं: भारती, पुढची सीट.

सात वाजता स्टेशनवर भारती पुढे बसली. मी मागे. माझ्याबरोबर सफाळ्याचं पाच जणांचं कुटुंब, त्यात एक आजी. आजींना सव्वानवाची लोकल गाडी पकडून घरी जायचं होतं आणि ते त्यांनी बसण्याआधीच सांगितलं. स्टेशनच्या सिग्नलला, "चला ना आता, आमची गाडी हाय!" बाजारात लोक आडवे आले, "चला ना आता, आमची गाडी हाय!" त्यांनी रोषणाईपेक्षा घड्याळच जास्त पाहिलं.

मी ठरवलं होतं, आज भाषण नाही. भारतीला तिच्या डोळ्यांनी बघू दे. मागून मला तिचा अबोलीचा गजरा तेवढा दिसत होता. गाडी सुटता सुटताच तो गजरा उजवीकडे कलला. मला वाटलं, ती उजवीकडची तोरणं बघतेय. एमआयडीसी आली तरी गजरा उजवीकडेच. मग मी वाकून पाहिलं.

भारती गाढ झोपली होती. पहाटे चारपासून तळत होती हो ती!

जयवंतालाही ते तेव्हाच दिसलं. गाडीचा वेग एकदम बैलगाडीचा झाला. गतिरोधकावरून तो अशी गाडी नेऊ लागला की पोटातलं पाणी हलू नये. मागे कुजबूज सुरू झाली. "तो बघ मोर!" "हळू बोल!" मी तर पाच वर्षांत पहिल्यांदाच गप्प होतो.

तारापूरच्या वेशीवर काही पोरं रस्त्यात फटाक्यांची लांबच लांब माळ अंथरून, उदबत्ती पेटवून तयार उभी होती. जयवंताने गाडी थांबवली, दार न आपटता उतरला आणि त्यांच्याकडे गेला.

"दोन मिंट थांबा रे. माझी बायको झोपलीय."

ऐन दिवाळीत! पोरं एकमेकांकडे बघतच राहिली. उदबत्तीवाल्याने उदबत्ती पाठीमागे धरली आणि आमची गाडी त्या माळेच्या बाजूने हळूच पुढे गेली. मी आजींकडे पाहिलं. आता त्या "चला ना" म्हणणार! पण त्यांनी नातवंडांकडे बघून ओठांवर बोट ठेवलं होतं.

स्टेशनला पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. सफाळ्याची गाडी लागायची वेळ. आजींच्या मुलाने हळूच मागचं दार सरकवलं. आजींनी पिशवी उचलून एक पाय खाली टाकला. जयवंताने इंजिन बंद केलं.

आणि तो आवाज बंद झाल्याबरोबर भारती जागी झाली. ड्रायव्हरची बायको ती! गजरा सारखा केला, पदर सावरला, समोर स्टेशनच्या तोरणांकडे पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "अवो, भरली ना गाडी? मग निगायचं कवा?"

जयवंताने चावीवर हात ठेवला आणि वळून आमच्याकडे पाहिलं. वर प्लॅटफॉर्मवर सफाळ्याच्या गाडीची घोषणा सुरू झाली.

आजींनी खाली टाकलेला पाय आत घेतला. पिशवी परत मांडीवर ठेवली. मुलाचा हात बाजूला करून स्वतः दार ओढून घेतलं.

"चला ना आता!" त्या जयवंतावर खेकसल्या. "बसल्यापासून बघतेय, अजून किती वेळ गाडी उभी करून ठेवणार हाय?"