स्वतःच स्वतःची साहेबीण

टाचणीबाई एका मोठ्या कंपनीत सव्वीस वर्षं नोकरीला. कागद दिसला की टाचणार, म्हणून हे नाव. खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर असेल तेवढंच. बाईंना हवी होती आठ दिवसांची रजा. लेक पहिलटकरीण, परगावी एकटी, दिवस भरत आलेले. फोनवर रोज एकच प्रश्न, "आई, निघतेस ना?"

बाईंनी संगणकावर अर्ज भरला. पाच मिनिटांत निरोप आला: तुमच्या हाताखालच्या कर्मचाऱ्याचा रजेचा अर्ज तुमच्यापुढे पडून आहे, त्वरित निर्णय घ्या. बाई चक्रावल्या. हाताखाली तर कुत्रंही नव्हतं! उघडून बघतात तो काय, अर्ज त्यांचाच. गेल्या महिन्यात खात्यांची उलथापालथ झाली, जुने साहेब बदलून गेले, आणि त्यांच्या जागी कुणी भल्या माणसानं बाईंचंच नाव चढवून ठेवलेलं. पगार मात्र जुनाच, बरं का!

बाईंनी 'मंजूर' दाबलं. उत्तर आलं: स्वतःची रजा स्वतः मंजूर करता येत नाही.

संगणक खात्यातला चष्मेवाला आला. त्यानं डोकं खाजवलं. "नाव दुरुस्त करायला दीड महिना लागेल, बाई."

"तोवर नातवंड रांगायला लागेल रे!"

"मग नामंजूर करा. ते चालतं."

"ते बरं चालतं?"

"स्वतःचं नुकसान करून घ्यायला कंपनीची हरकत नसते. नामंजूर झालं की तक्रार थेट मोठ्या साहेबांकडे जाते."

कारणाच्या रकान्यात किमान दहा शब्द हवे होते. बाईंना विचार करावा लागला नाही. जुन्या साहेबांचं वाक्य सव्वीस वर्षं कानात होतं, तेच उतरवलं: "तुम्ही गेलात तर इथलं काम कोण करणार, घरच्या अडचणी घरी ठेवाव्यात."

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांपुढे सुनावणी. साहेबांनी पडद्यावरून मान वर केली नाही. "काय दगडाचं काळीज आहे हो तुमच्या साहेबांचं! कुठे आहेत त्या?"

"इथेच आहे, साहेब."

"बोलवा की मग."

"आलेय मी."

"तुम्ही नाही हो, त्या!"

बाईंनी तीनदा समजावलं. साहेब तिन्ही वेळा "हो हो" म्हणाले आणि त्यांना फोन आला. फोन संपता संपता त्यांनी रजा मंजूर केली, आणि त्याच दमात बाईंच्या वरिष्ठांना कडक मेमो काढला: कर्मचाऱ्यांशी माणुसकीनं वागावं.

मेमो अर्थात बाईंच्याच टेबलावर आला. बाईंनी सही करून घेतला, टाचला, आणि लेकीला फोन लावला.

"मिळाली गं रजा! साहेबिणीला मात्र मेमो बसला."

"बरं झालं! मेली खडूसच असणार."

"असेल बाई," पिशवी उचलत टाचणीबाई म्हणाल्या, "पण तिलाही बरोबर आणतेय, आठ दिवस सांभाळून घे."