वेळेत निघणारा पाहुणा

अँटिबायोटिकची पट्टी फोडताना येणारा तो उग्र, किंचित कुबट वास आला, की मला समोरच्या दारातल्या बाई आठवतात. आणि हसताना तोंडावर जाणारा त्यांचा हात.

मीरा रोडच्या आमच्या इमारतीत त्या एकट्या राहत. समोर मीही एकटी. औषधशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, पण शिकवणं सुटलं नव्हतं. आईच्या माघारी मी दादरहून इथं आले आणि त्याच हिवाळ्यात छातीत कफ दाटून तापानं पडले. बाई चौकशीला आल्या तेव्हा मी आईच्या सवयीनं हळदीच्या दुधाबरोबर गोळी घेत होते. त्यांनी पेला काढूनच घेतला.

"या गोळीला दूध नको गं. दुधातलं कॅल्शियम तिला पोटातच धरून ठेवतं. रक्तापर्यंत पोचणार कशी?"

मग उशाशी बसून त्यांनी गोळीची वाट सांगितली. आतड्यातून रक्तात; मध्ये यकृत, म्हणजे आपला दहिसरचा टोलनाका, प्रत्येकाला थांबवणार. पुढे छातीत, कफाच्या काठापर्यंत. काम झालं की मूत्रपिंडांच्या दारानं बाहेर.

"औषध म्हणजे पाहुणा," त्या म्हणाल्या. "यावं, काम करावं, वेळेत निघावं."

तुम्ही त्यांच्याकडे गेला असतात तर तुम्हालाही हाच नियम लागला असता. चहाचा कप रिकामा झाला की त्या उठत. "निघ आता, सकाळी ऑफिस आहे तुला." थांबण्याचा आग्रह त्यांनी कधी केला नाही. मात्र मी माझं कुलूप काढून आत जाईपर्यंत त्यांच्या दारातून उजेडाची एक पट्टी जिन्यावर पडलेली असे.

एकदा मी त्या हाताबद्दल विचारलं. त्यांनी तो बाजूला केला. ओहोटीनंतर उत्तनच्या खडकांवर उरतात, तशा करड्या-पिवळ्या रेषा दातांवर होत्या.

"लहानपणी तापावर द्यायचे एक औषध. दात घडत होते, त्यातच जाऊन बसलं. बाकीचे पाहुणे सगळे गेले. हा एकच राहिला."

पुढे त्यांची मूत्रपिंडं थकली. संसर्ग झाला म्हणून भाईंदरच्या एका रुग्णालयात ठेवलं, तर औषध अंगातून निघेना. डॉक्टरांनी दोन डोसांमधलं अंतर वाढवलं. बाईंना त्याचंही हसू आलं. माझी मूत्रपिंडं म्हातारपणी लोचट झालीत, म्हणाल्या, पाहुण्याला सोडतच नाहीत.

आता त्या दारावर दुसऱ्या नावाची पाटी आहे. माणसं चांगली आहेत, माझ्याशी हिंदीत गोड बोलतात आणि दार लगेच लावून घेतात. जिना अंधारा राहतो.

त्या शेवटच्या संध्याकाळी रुग्णालयात भेटीची वेळ संपली तेव्हा बाईंचं वाक्य मीच आधी म्हटलं, "निघते, वेळेत." पर्स उचलली. त्यांनी माझं मनगट धरलं. सलाइन लावलेला दुसरा हात तोंडापर्यंत गेला नाही. खडकावरच्या त्या रेषा उघड्याच राहिल्या, आणि त्या म्हणाल्या,

"बस."