देवाच्या नावाने सोडलेला बोकड

माझी मुलगी दीड वर्षाची होती तेव्हा तिला गाईचे दूध पचत नव्हते, म्हशीचे तर नाहीच. म्हणून तिच्यासाठी एक शेळी आणली. नाशिकच्या कडेला आमचा भाजीपाल्याचा मळा होता, चुलत भावाचे घर आणि आमचे घर एकाच अंगणात. श्रावणापर्यंत सगळे सुरळीत चालले. मग मुलगी दूध बघितले की तोंड फिरवू लागली.

मी एकेक गोष्ट तपासली. आधी भांडे बदलले, मग गाळायचे फडके, मग चारा. रोज एकच गोष्ट बदलायची म्हणजे कारण नेमके कळते. कारण अंगणातच फिरत होते. तो चुलत भावाचा बोकड होता. भावाला आम्ही दादा म्हणायचो. बोअरला पाणी लागावे म्हणून त्यांनी तो म्हसोबाला नवसात बोलला होता. नवसाचा बोकड खच्ची करत नाहीत, बांधत नाहीत, त्याला कुणी काठी लावत नाही.

पावसाळा सरता सरता तो माजावर आला. स्वतःच्याच दाढीवर आणि पुढच्या पायांवर मुतायचा, जीभ काढून बरळल्यासारखा ओरडायचा, शिंगांच्या मागची तेलकट मान येईल त्या खांबाला घासायचा. आमच्या शेळीला तर दिवसभर घासत असे. तो वास तिच्या केसांना, कासेला, तिथून दुधाला. कितीही धुवा, जात नसे. मुलीच्या फ्रॉकची कंबर सैल झाली तेव्हा मी दादांकडे गेलो.

"दादा, थोडे दिवस बांधा त्याला."

"देवाचा हाय तो. बांधला आन् बोअर आटली तर तू पाणी देशील?"

"पोरगी दूध पीत नाही हो."

"नाक लय तिखट हाय तुझ्या लेकीचं. सायबाच्या घरी द्यायला लागंल." वहिनी हसल्या. दादा पुढे म्हणाले, "दसऱ्याला कापायचाच हाय की तो. थोडं सोस."

सोसायचे मुलीने, नवस यांचा. तरी मी शेळी मळ्याच्या पार टोकाला बांधली. संध्याकाळी पाहतो तर बोकड तिथे हजर. मोकळाच होता तो, सापडणारच.

दसरा आला. मळ्याच्या बांधावरच्या म्हसोबापुढे त्याच्या अंगावर पाणी शिंपडले. आमच्याकडे रीत अशी की बोकड थरथरला तर देवाला पसंत, मग कापायचा; नाही थरथरला तर त्या वर्षी सोडून द्यायचा. तांब्याने पाणी झाले, कळशीने झाले. बोकड हलेना. मान वर, वरचा ओठ उलटून दात बाहेर आणि नाक आमच्या शेळीच्या दिशेला. पाणी पडतेय हेसुद्धा त्याला कळत नव्हते.

"देवाला नको हाय औंदा," दादा म्हणाले.

"देवाचं काही नाही त्यात. त्याला शेळी पाहिजे! शेळी लांब नेतो, परत ओता."

"एकदाच इचारायचं असतं. देव काय तुझा नोकर हाय?"

सगळ्यांनी मान डोलावली. ऐन माजात त्याला उभा करायचा आणि हलला नाही की देवावर ढकलायचे. माझे डोके असे तापले की मी प्रसादाचे खोबरे न घेताच उठलो.

दुसऱ्या दिवशी टेम्पो बोलावला. बायको, मुलगी आणि शेळी माझ्या सासुरवाडीला, पेठला पाठवली. घर माझे, मूल माझे आणि घराबाहेर गेले तेही माझेच. बोकड अंगणात.

मुलगी तिकडे दूध पिऊ लागली, असा निरोप आला. शेतात टोमॅटोचा तोडा होता, मला जाता आले नाही. थंडी चांगली पडल्यावर ती परत आली, गाल भरलेले. मी हात पुढे केले. ती आईच्या पदरामागे लपली. मला विसरली होती.

बोकड उन्हात पडला होता. माज कधीच ओसरला होता. मुलगी चालत थेट त्याच्याकडे गेली आणि त्याची दाढी धरून हसू लागली.

दादा ओट्यावरून म्हणाले, "बघ की. येतोय का वास? उगाच तमाशा केलास."

वास येत नव्हता, हे खरेच. मी मुलीला उचलले आणि नळावर नेऊन साबणाने तिचे हात धुतले. ती माझ्याकडे बघून जोरात रडत होती. मी पुन्हा साबण लावला.