फोनवर मिटलेले बग

ऑफिसात त्यांना सगळे बाईच म्हणत. रक्तबिक्त तपासणाऱ्या एका मोठ्या लॅबच्या कॉम्प्युटर विभागात त्या टेस्टर होत्या. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका हुडकून काढायच्या, हे त्यांचं काम. अशा चुकीला त्या मंडळींत बग म्हणतात. बाईंच्या नवऱ्याचं म्हणणं असं की, ही लग्न झाल्यापासून हेच करत आली आहे, पगार तेवढा उशिरा सुरू झाला.

लॅब जुना प्रोग्रॅम टाकून नवा आणणार होती आणि तो लिहायचं काम दूरच्या एका कंपनीला दिलं होतं. ते देताना साहेबांनी करारात एक कलम घातलं. बाईंनी पोर्टलवर, म्हणजे चुका नोंदवायच्या वेबसाइटवर, बग टाकला, की तो ज्याच्या हातून झाला त्याचे गुण कापायचे. गुण फार घसरले की त्याला कामावरून काढायचं. साहेब बाईंच्या धाकट्या दिराच्या वयाचे. कशाचाही आलेख काढल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे, म्हणून सगळा मजला पाठीमागे त्यांना आलेखराव म्हणे. आलेखरावांनी जन्मात एक ओळ प्रोग्रॅम लिहिला नव्हता. न का लिहिना. पण ज्याला काम कळत नाही त्याने निदान काम करणाऱ्याला दोन प्रश्न विचारावेत. ते सोडून यांनी मोजपट्टी उचलली.

अगदी सुरुवातीलाच बाईंना एक बग सापडला. रिपोर्टावर पेशंटच्या वयाच्या जागी तारीख छापली जात होती. पोर्टलवर टाकण्याआधी त्यांनी त्या कंपनीत फोन लावला. रिपोर्टाचं काम तिथे एका मुलीकडे होतं.

‘काकू, पोर्टलवर टाकू नका ना,’ मुलगी म्हणाली. ‘जेवायच्या आत करून देते. टाकलात तर माझे गुण जातील.’

‘आणि नाही केलंस तर?’

‘तर टाका, आणि वर दोन शिव्या द्या.’

शिव्या द्यायची वेळ आली नाही. जेवणाच्या आत वय वयाच्या जागी आलं, आणि तिथून तसाच पायंडा पडला. बाई चूक शोधत, फोन करत, पोरगी दुरुस्त करे, बाई पुन्हा तपासत. ना बैठक, ना लांबलचक ईमेल. प्रोग्रॅम सुधारला तो या फोनांमुळे. बाईंनी तिच्या चुका पोटात घातल्या आणि तिने एकदाही शब्द मोडला नाही.

नवा प्रोग्रॅम सुरू करायची वेळ जवळ आली, तेव्हा आलेखरावांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. पडद्यावर आलेख होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवागार.

‘अभिनंदन, बाई. कमाल आहे त्या कंपनीची. बग जवळजवळ नाहीतच.’

‘आहेत की. मी फोनवर सांगते, मग ती मुलगी...’

‘पोर्टलवर आहेत?’

‘नाहीत. पण सगळे दुरुस्त...’

‘पोर्टलवर नाही म्हणजे झालंच नाही.’ त्यांनी पडद्यावरून नजरही काढली नाही. ‘आता मला वरून विचारतात, बग नाहीत तर टेस्टर कशाला? त्यामुळे पुढच्या महिन्यापासून तुमची जागा बंद करतोय. मनाला लावून घेऊ नका. मी बोलत नाहीये, आकडे बोलतायत.’

‘आकडे बोलत नसतात, साहेब. तुम्ही त्यांच्या आडून बोलता,’ असं म्हणून बाई उठल्या.

घरी आल्यावर त्यांनी पर्स आदळली आणि सासूबाईंना सगळं सांगितलं. सासूबाई चष्मा पुसत ऐकत होत्या.

‘तुझ्या स्वयंपाकाबद्दल मी शेजारणीपाशी कधी ब्र काढला नाही,’ त्या म्हणाल्या. ‘म्हणून काय तू सुगरण ठरलीस?’

नवरा हसला. बाई हसल्या नाहीत.

‘उद्या जा आणि सगळं टाक तुझ्या त्या पोर्टलावर.’

‘आणि त्या पोरीचं काय? तिला काढतील.’

‘तिलाच विचार की. लोकांचं परस्पर भलं करायची खोडच आहे तुला.’

दुसऱ्या दिवशी विचारायला फोन उचलण्याआधीच बाईंना एक चूक दिसली. एकाच नावाच्या दोन पेशंट एकाच सकाळी आल्या, की प्रोग्रॅम दोघींना एकच रिपोर्ट देत होता. तपासणीसाठी घातलेल्या त्या दोन खोट्या पेशंटांपैकी एकीची साखर नको तितकी वाढलेली, दुसरी ठणठणीत. कागदावर दोघी ठणठणीत.

बाईंनी लगेच फोन लावून मुलीला ती सांगितली. ‘काकू, हा टाका,’ ती म्हणाली.

‘तुझे गुण?’

‘त्यांचं काही राहिलं नाही. आमच्याकडे निराळंच मोजतात, दिवसात किती नेमलेली कामं संपवली ते. तुमच्या फोनवरच्या दुरुस्त्या कुठल्याच कामात धरत नाहीत. मी दिवसभर त्याच करते आणि कागदोपत्री रिकामी बसलेली दिसते. मंद आहे म्हणून काढायचं चाललंय मला.’

‘हे आधी सांगायला काय झालं होतं?’

‘तुम्ही माझ्यासाठी एवढं करत होतात. कुठल्या तोंडाने सांगू?’

बाईंना तिचा राग आला, त्याहून स्वतःचा आला. एकीने चुका झाकल्या, दुसरीने राबणं झाकलं, आणि दोन ऑफिसांतल्या दोन शहाण्यांनी त्या झाकलेल्याचे आलेख काढून दोघींनाही घरी पाठवायचं ठरवलं.

‘रडू नकोस,’ त्या म्हणाल्या. ‘आपण दोघी मूर्ख आहोत. आता पुरे. मी पहिल्यापासूनचे सगळे बग टाकते. तू प्रत्येकासमोर काय आणि कधी दुरुस्त केलंस ते लिही. प्रत्येक फोननंतर आपण मेसेज केलेत, शोधायला जड नाही.’

‘सगळे टाकायचे?’

‘सगळे. माझं झाकायचं नाही आणि तुझंही नाही.’

संध्याकाळपर्यंत पोर्टल लालभडक झालं. आलेखराव कधी नव्हे ते स्वतः बाईंच्या टेबलापाशी आले.

‘हे काय करून ठेवलंत? मी वर इतके महिने हिरवं दाखवतोय.’

‘आता लाल दाखवा.’

त्यांनी खुर्ची ओढली, आवाज मऊ केला. ‘असं करू या. जुने मिटलेलेच आहेत, तेव्हा त्यांचा प्रकार बदला. बग नका म्हणू, सजेशन म्हणा. सजेशन मोजत नाहीत. तो एकाच नावाचा आहे ना, तोही.’

‘एकीचा रिपोर्ट दुसरीच्या हातात देणं, हे सजेशन?’

‘अहो, एकाच नावाच्या दोघी एकाच सकाळी येणार कधी? टक्केवारी बघा ना.’

‘माझ्या सासूबाईंचं रक्त इथेच तपासतात. त्यांना टक्केवारी सांगू?’

आलेखराव उठून केबिनमध्ये गेले. थोड्याच वेळात बाईंच्या स्क्रीनवरचा लाल रंग एकेका ओळीतून उतरू लागला. बग, सजेशन. बग, सजेशन. शेवटी तो एकाच नावाचाही फिकट झाला. प्रत्येक ओळीखाली नोंदवणारी म्हणून नाव मात्र बाईंचंच.

बाईंच्या डोक्यात तिडीक उठली. त्या तडक जिना उतरून लॅबच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. प्रत्येक रिपोर्टाखाली डॉक्टरीणबाईंची सही असे, आणि नवा प्रोग्रॅम ती आपोआप छापणार होता. बाईंनी तिथल्याच कॉम्प्युटरवर एका नावाच्या दोन पेशंट, एक आजारी आणि एक ठणठणीत, घातल्या आणि दोन रिपोर्ट छापून त्यांच्यापुढे ठेवले.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही वाचले. मग दोन्हींखालची स्वतःची सही पाहिली.

‘हे वर कुणाला माहीत आहे?’

‘साहेबांना. त्यांच्या मते हे सजेशन आहे.’

‘माझी सही काढून टाका यातून,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘आत्ता. चूक दुरुस्त झाल्याचं तुम्ही स्वतः सांगेपर्यंत घालायची नाही.’

सहीशिवाय लॅबबाहेर कागद जात नाही. प्रोग्रॅमचं घोडं जागच्या जागी अडलं, आणि तो बग पुन्हा बग झाला, कारण आता तो दडवायला जागाच उरली नव्हती.

मुलीने तो दुसऱ्या दिवशी दुपारी दुरुस्त केला. बाईंनी उलटसुलट तपासला, सुचतील तितक्या सारख्या नावांच्या पेशंट घातल्या, आणि मगच खाली जाऊन सांगितलं. मुलीला कुणी काढलं नाही; सजेशनला गुण कापत नसल्याने तिचे गुणही फारसे घसरले नाहीत. दुरुस्त्यांची एवढी रास बघून तिच्या साहेबांनी तिला उलट आणखी काम दिलं. त्यात चांगुलपणा कसला आलाय, तिथेही आकडाच वाढला होता.

बाईंची जागा मात्र बंद झाली ती झालीच. शेवटच्या दिवशी आलेखरावांनी सगळ्यांना जमवलं, बाईंच्या हातात गुच्छ दिला आणि भाषण केलं. ‘बाईंच्या कारकिर्दीत, अभिमानाने सांगतो, बगांचं प्रमाण जवळजवळ शून्य राहिलं.’

‘खोटं आहे,’ बाई म्हणाल्या.

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले.

‘ढीगभर होते. मी शोधले, त्या पोरीने दुरुस्त केले आणि यांनी त्यांची नावं बदलली. उद्यापासून शोधायला कुणी नाही, तेव्हा अजून कमी होतील. त्याचाही आलेख काढा.’

गुच्छ आलेखरावांच्या लॅपटॉपवर ठेवून बाई निघाल्या. जिन्यात डॉक्टरीणबाई भेटल्या.

‘सासूबाईंचं रक्त कधी आणताय?’

‘सोमवारी,’ बाई म्हणाल्या. ‘रिपोर्ट वाचून सही तुम्ही हाताने करणार असाल तर.’