चार बोटं माया

मी ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजात ग्रंथालयात बसते. दिवसभर बसतेच. म्हणून डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा. सायकल लगेच मिळाली, कपडे मिळेनात. सलवार साखळीत अडकायची, लेगिंग्ज पंधरा दिवसांत मांड्यांपाशी विरायच्या. चंद्रपूरच्या दुकानात सायकलसाठीच्या खास पॅन्ट्स होत्या. विक्रेत्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हेल्दी लोकायसाठी नाई येत, मॅडम." आमच्याकडे जाड माणसाला हेल्दी म्हणतात. डॉक्टरांच्या लेखी मी आजारी, याच्या लेखी हेल्दी. पॅन्ट दोघांकडेही नव्हती.

शेवटी गावातल्या म्हाताऱ्या शिंप्याकडे गेले. माझे शाळेचे गणवेश त्यांनीच शिवलेले. ताणलं जाणारं कापड दिलं आणि चारदा सांगितलं, "भाऊ, अंगासरशी शिवा. मांडीच्या आत जाड शिवण नोका ठेवू, तिथंच घासते." ते मान हलवत राहिले. रविवारी सायकलवाल्या मंडळींनी वैनगंगेच्या पुलापर्यंत मला पहिल्यांदाच बोलावलं होतं. मला जायचंच होतं.

शनिवारी पॅन्ट हातात देत ते कौतुकानं म्हणाले, "वाढत्या अंगाचा शिवला, बाई. आत चार बोटं माया ठेवली. पुढं लागंन तुमाले."

शिवणीत राखलेल्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात. लहानपणी आई हेच सांगून यायची, आणि दर जूनला ती माया उसवून माझा फ्रॉक मोठा व्हायचा. पण पंचेचाळिशीतही माझं अंग वाढतच जाणार, हे या गृहस्थांनी धरूनच चाललं होतं. अंगाची आग झाली. तोंडातून मात्र "बरं भाऊ" एवढंच निघालं.

रविवारी अर्ध्या वाटेतच त्या मायेची जाड घडी दोन्ही मांड्यांना सोलू लागली. धानाच्या बांध्यांपाशी मी उतरले. बाकीचे "या हळूहळू" म्हणत पुढे गेले. मी सायकल हातात धरून, पाय फाकत घरी आले. खोबरेल लावताना रडू आलं. पुन्हा कुणी बोलावलं नाही.

ती माया कापून टाकता आली असती. दोनदा कात्री हातात घेतली आणि ठेवून दिली. पुढं लागलीच तर, असं वाटलं. याचीच मला आजही लाज वाटते.

सायकलवर आता टॉवेल वाळतात. या उन्हाळ्यात ती पॅन्ट घरात घालायला काढली, तर मांडीवर चढेना. ब्लेडनं शिवण उसवली. चारही बोटं लागली.