बेटावरची राधा

उमरखेडच्या स्टँडवरून पुसदची पहिली गाडी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत एक धोतर, एक सतरंजी आणि सदऱ्याच्या खिशात एक अख्खी सुपारी होती. धोतर-सतरंजी माझी, सुपारी रामजी मास्तरांची. मास्तर म्हणजे आमच्या दंडारीचे (उघड्यावर होणारा गाण्या-नाचाचा खेळ, बायांची कामंही पुरुषच करतात) पेटीवाले आणि मालक. मी दिवसा शिंपी आणि खेळाला राधा. बारा वर्षं राधा मीच. दुकानात काजं-बटणं करायला आलेले लोकही मला राधाबाई म्हणून चिडवतात, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं.

मास्तर म्हणाले होते, "पैनगंगेच्या बेटावर जत्रा भरून राह्यली. तिथं राजूरचा कोनी शंकर राधा करते म्हणतात. पाहून ये. पसंत पडला तर सुपारी दे त्याले. नाही पडला तर तूच खाऊन टाक."

"अन् मी काय करू?"

"तू आता चाळिशीचा झाला गणपत. तू यशोदा कर."

आमच्याकडे कलावंतानं सुपारी घेतली की तो शब्दाला बांधला जातो. म्हणजे माझी गादी कोणाला द्यायची ते मीच ठरवायचं, आणि तेही बेटावर जाऊन. मास्तरांची ही चलाखी मला पुसद येईपर्यंत कळली नाही. कळली तेव्हा गाडीतून उतरून परत फिरावंसं वाटलं.

पुसदहून यवतमाळ, यवतमाळहून वणी. नव्या एस.टी.च्या गाड्या आल्या, पण रस्ते जुनेच, त्यामुळे हाडं खिळखिळी व्हायची ती झालीच. वणीला एक रात्र धर्मशाळेत काढली. दुसऱ्या दिवशी मुकुटबनपर्यंत गाडी आणि पुढे एका बंजारा माणसाच्या छकड्यात बसून नदी गाठली. तांड्यातली मंडळी नटूनथटून जत्रेलाच निघाली होती. बायांच्या ओढण्यांवरच्या आरशांचं काम पाहून माझा जीव जळला. इतका बारीक टाका मला आजवर जमलेला नाही.

पावसाळ्यात हे बेट पाण्याखाली असतं. थंडी सरताना नदी उतरते आणि मधोमध वाळूची लांबच लांब पाठ वर येते. तिच्यावर महादेवाचं एक लहानसं ठाणं आहे, आणि शिवरात्रीपासून आठवडाभर तिथे अख्खं गाव वसतं. पलीकडे जायला डोंगा (एका लाकडाची कोरलेली होडी). उतरताना माझी एक वहाण चिखलात रुतली ती रुतलीच.

डोंगेवाला म्हणाला, "राहू द्या भाऊ, नदीनं घेतली. दुसरीबी देऊन टाका, एका पायात घालून कायले फिरता?"

मी दुसरीही दिली. बेटावर पाऊल ठेवलं ते अनवाणीच.

आता उमरखेडकरांनो, तिथे करमणुकीची काय सोय आहे ते सांगतो, कारण तुम्ही विचारल्याशिवाय राहणार नाही. दिवेलागण झाली की बेट पेटल्यासारखं उजळतं. एका टोकाला तंबूतला सिनेमा, त्याचं इंजिन धडधडतं आणि पडदा वाऱ्यानं फुगला की नटीचं नाक फुगतं. शेजारी आकाशपाळणा. मग जादूगार, मग कव्वालीची बैठक, तिथे गादीवर बसायचं आणि दाद द्यायची. पलीकडे बुद्धाची दीक्षा घेतलेल्या मंडळींची गायनपार्टी, पांढरी लुगडी नेसलेल्या बाया पुढे बसलेल्या. त्यांतल्या एकीला मी विचारलं, महादेवाच्या जत्रेत तुम्ही कशा? ती म्हणाली, "देवाले कोन आलं भाऊ? आमी गानं आयकाले आलो. वाळू काय कोनाच्या बापाची हाय?" मी बसून दोन गाणी ऐकली. चांगली होती. इथे सगळंच चांगलं होतं, हीच तर माझी अडचण.

आपल्या उमरखेडला काय आहे? चौकात एक गॅसबत्ती, तीही फुर्रफुर्र करते.

जेवण म्हणाल तर रोडगे (गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे), वर तूप, आणि वांग्याची भाजी अशी झणझणीत की डोळ्यांतून पाणी आलं. खाणावळवाल्या म्हातारीला म्हटलं, जास्त तिखट झालंय. ती म्हणाली, "बाकीचे तर मांगून मांगून खाऊन राह्यले." मीही मागून खाल्ली.

दंडार बेटाच्या मधोमध होती. मी मुद्दाम पुढे बसलो, चुका मोजायला.

शंकर आला आणि पहिल्या गिरकीला मला कळलं की मोजायला फारसं काही मिळणार नाही. पंचविशीचा असेल. कमरेत लवचीक, आवाज किंचित खरखरीत, पण नजर अशी की मागचा माणूसही आपल्याकडेच बघतेय असं समजून सावरून बसला. मनातल्या मनात म्हटलं, गौळण उरकू दे, तिथे घसरेल.

गौळणीत कृष्णानं वाट अडवली. राधेनं मान कलती केली, झुमक्यात अडकलेला पदर दोन बोटांनी सोडवला आणि तिरक्या डोळ्यानं कृष्णाकडे पाहिलं. शिट्ट्यांनी वाळू हलली. लोक वन्स मोर, वन्स मोर करत उभे राहिले.

मी मात्र बसूनच राहिलो. ती अदा माझी होती.

आजवर कोणाला सांगितलं नाही ते इथे सांगतो. ती अदाही नव्हती. पहिल्याच वर्षी उमरखेडच्या खेळात माझा झुमका खरोखरच पदरात अडकला होता. पदर मीच शिवलेला, काठाचा एक टाका घाईत सुटला होता. शिंप्याची राधा आणि तिच्याच पदराचा टाका सुटलेला, हे कोणाला कळू नये म्हणून मी मान कलती केली, गुपचूप सोडवलं आणि बावरून कृष्णाकडे पाहिलं. लोकांनी डोक्यावर घेतलं. तेव्हापासून दर खेळाला मी ते करत आलो. मास्तरांनाही वाटतं की मला ते सुचलं होतं.

शंकरनं वन्स मोरला पुन्हा तेच केलं, आणि आता मला चूक सापडली. तो उजवा कान सोडवत होता. पदर असतो डाव्या खांद्यावर. उजव्या कानापाशी अडकायला काही नव्हतंच. समोर बसून पाहिलेलं त्यानं आरशातल्यासारखं उलटं उचललं होतं. बोटांत काही नसताना तो सोडवत होता आणि लोक वेडे होत होते. चूक सापडल्याचा आनंद काही झाला नाही.

खेळ संपल्यावर मी कनातीमागे गेलो. तो खोबरेल लावून रंग पुसत होता. हातात अजून हिरव्या बांगड्या, आणि नखांत कोळसा. राजूरच्या खाणीत काम करतो म्हणाला.

"ते पदर सोडवायचं कोनाकडून शिकला?" मी विचारलं.

"मामाच्या लग्नाले उमरखेडले गेलतो, तवा एक राधा पाह्यली होती. नाव नाही मालूम. पन भाऊ, त्या दिवसापासून मले दुसरं काही सुचलंच नाही. खाणीत खाली उतरलो तरी मान तशीच करून पाहतो." मग हसला. "आता ते राधा म्हातारी झाली असंन."

"असंन," मी म्हणालो.

"तुमी कोन्या गावचे?"

माझा हात खिशात सुपारीवर होता. "पुसदचा," मी म्हणालो.

सकाळी परतीच्या डोंग्यात बसलो, सुपारी दातांखाली फोडली आणि मुकुटबन येईपर्यंत चघळत राहिलो. कडू होती.

उमरखेडला पोचलो तर मास्तर ओट्यावर पेटी पुसत बसलेले. माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि विचारलं, "सुपारी दिली?"

"खाल्ली."

"म्हणजे पोट्टा कामाचा नाही."

इथे नुसती मान हलवली असती तरी पुढच्या सालची राधा माझीच होती. हलवायचीच असं गाडीत तीनदा ठरवलं होतं.

"माझ्याहून चांगला हाय," मी म्हणालो.

"मंग खाल्ली काहून?"

"पोटात दुखत होतं."

मास्तरांनी पेटी बाजूला सारली. मग पानाचा डबा उघडला, दुसरी सुपारी काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

उद्याच्या गाडीनं पुन्हा निघतोय. प्रवासात माणूस मोठा होतो असं म्हणतात. माझं तसं काही झालं नाही, पोटात अजून दुखतंच आहे. पण या खेपेला सोबत सुई-दोरा घेतलाय. त्या पोराला आधी डावा कान दाखवायचा, आणि मग त्याच्या पदराच्या काठाचा एक टाका माझ्या हातानं सोडून द्यायचा.