हातोडा न आणणारा मिस्त्री

आमच्या बाथरूममधल्या काचेच्या शॉवरखाली गळत होतं. तीन प्लंबर येऊन गेले आणि तिघांनी एकच निकाल दिला : फोडा. एकाने भिंतीतल्या पाइपवर बोट ठेवलं, दुसऱ्याने फरशीवर. तिसऱ्याने सांध्यांतून नवं सिलिकॉन फिरवलं, दोन दिवसांनी पुन्हा गळल्यावर तोही फोडण्याच्या पक्षात गेला. कामाला तीन आठवडे लागणार होते. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ रोज आपल्या छतावरच्या ओल्या डागाचा फोटो पाठवायचे. राग माझ्या नाकावरच असतो, त्यामुळे मी त्यांना उत्तर देणंच सोडलं होतं.

तीन आठवडे बाथरूम बंद म्हणजे सासूबाई धाकट्या दिरांकडे जाणार. त्या चौऱ्याऐंशीच्या. दिरांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एकदा वर नेलं की त्या परत खाली उतरणार नाहीत, हे घरात सगळ्यांना कळत होतं आणि सगळेच मूग गिळून बसले होते. रविवारी दीर गाडी घेऊन येणार असं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते तर सासूबाईंची बॅग भरून दाराशी ठेवलेली. मला इतका राग आला, की कुणावर काढावा ते कळेना. म्हणून मी दुधाच्या पातेल्यावर काढला आणि ओटा भरून दूध सांडलं.

समोरच्या शिंपीणबाईंनी एका मिस्त्रीकाकांचं नाव सुचवलं. नाव म्हणजे काय, सगळे त्यांना टिपकागदवाले काकाच म्हणतात. साठी ओलांडलेली, बारीक अंगाचे, डावा गुडघा वाकत नाही. खांद्यावर कापडी पिशवी. पिशवीत टॉर्च, सिलिकॉनची बंदूक, एक पातळ सुरी आणि शाळेत शाई टिपायला असायचा तसल्या टिपकागदाच्या पट्ट्या.

"हातोडा?" मी विचारलं.

"घरी असतो, ताई."

"मग फोडणार कशाने?"

"आधी गळतंय कुठून ते तर बघू."

मला वाटलं, आणखी एक शहाणा आला. त्यांनी फर्मान काढलं, की दुसऱ्या दिवसापर्यंत शॉवरमध्ये कुणी पाय ठेवायचा नाही, सगळं कोरडं व्हायला हवं. शुक्रवारी आले, खालच्यांच्या खोट्या छताची फळी काढून तिथे पट्ट्या लावल्या आणि वर येऊन शॉवर अर्धा तास नुसता चालू ठेवला. पट्ट्या कोरड्या. भिंतीवर धार धरली, कोरड्या. पाणी जायच्या जाळीवर बोळा कोंबून शॉवरखालच्या ट्रेमध्ये पाणी साठवलं, तरी कोरड्या.

"म्हणजे गळतच नाही म्हणता?" माझा आवाज चढला.

त्यावर ते रागावले नाहीत. खाली गेले आणि ज्या फोटोंकडे मी बघतसुद्धा नव्हते ते सगळे एकेक करून बघून आले. "प्रत्येक फोटो साडेदहाच्या पुढेमागे काढलाय," ते म्हणाले. "दहा वाजता कोण आंघोळ करतं?"

दहा वाजता सासूबाई आंघोळ करतात. आम्ही दोघं सकाळी घाईत, जाळीपाशी उभ्याउभ्या उरकतो. सासूबाई मात्र कोपऱ्यातला दांडा धरून स्टुलावर बसतात.

काकांनी त्या कोपऱ्यात बोटाच्या पेराने टकटक केलं. जाळीपाशी आवाज भरीव आला, कोपऱ्यात पोकळ. मग दाराशी जाऊन अगदी अदबीने म्हणाले, "मावशी, जरा येता का? कोरड्याच बसायचंय, कपड्यांवर."

सासूबाई स्टुलावर बसल्या. काका आपला न वाकणारा पाय लांब करून फरशीवर आडवे झाले, टॉर्च लावला आणि ट्रे जिथे भिंतीला टेकतो तिथे टिपकागदाची पट्टी टेकवली. मघाशी याच जागी पट्टीचं टोकसुद्धा शिरत नव्हतं. आता ती आत सरकली. अलगद, दोन बोटं आत. मी खाली वाकून पाहिलं. सिलिकॉनची पांढरी रेघ भिंतीपासून केसाएवढी सुटली होती. "उठा बरं मावशी." त्या उठल्या आणि फट मिटली. पट्टी तिथेच अडकून राहिली.

माझ्या अंगावर काटा आला. तीन माणसं या भिंतीशी दिवसदिवस झटली, मी महिनाभर हाच कोपरा घासला, आणि ही फट माणूस बसला की उघडत होती, उठला की मिटत होती. तिला बघायचं तर आधी कुणीतरी बसायला हवं, एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी एकालाही सुचली नाही.

सासूबाईंचा चेहरा मात्र उतरला. "म्हणजे माझ्यामुळेच गळतंय की हो."

"तुमच्यामुळे सापडलं," काका पडल्यापडल्याच म्हणाले. "बसवणाऱ्याने कोपऱ्यात ट्रेखाली सिमेंटचा माल भरला नाही, त्यात तुमचा काय दोष? चोर सोडून संन्याशाला फाशी मी एकदा दिलीये मावशी, आता नाही देत."

चहा पिताना त्यांनी ते सांगितलं. तिशीत असताना त्यांनी एका घरची अख्खी बाथरूम चार दिवसांत फोडली. गळत होतं शेजारच्या खिडकीच्या चौकटीतून. त्या घरच्या बाईने आरडाओरडा केला नाही. फरशीचे तुकडे गोळा करत राहिली, कारण ती फरशी तिच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने बसवलेली होती आणि वडील आता नव्हते. "बोलली असती तर बरं झालं असतं," काका म्हणाले. तेव्हापासून पहिल्या दिवशी हातोडा घराबाहेर काढायचा नाही, हा त्यांचा नियम.

शनिवारी दुरुस्ती झाली. काकांनी कोपऱ्याला बारीक भोक पाडून पोकळीत माल भरला. जुनं सिलिकॉन सुरीने खरवडून काढलं. नवं भरण्याआधी मात्र म्हणाले, "मावशी, वजन करा." काट्यावर सासूबाई अठ्ठेचाळीस किलो, स्टूल तीन. "एक्कावन्न लिटर पाणी आणा." माझ्या घरातल्या झाडून सगळ्या बादल्या, कळशी आणि मोठा कुकरसुद्धा त्या कोपऱ्यात जाऊन बसला. ट्रे जेवढा दबायचा तेवढा दबलेला असतानाच त्यांनी सांधा भरला. उरलेली हालचाल सिलिकॉनने उघड्या फटीत शिकावी, मिटल्या फटीत नाही, म्हणजे फट मिटली तर ते नुसतं दाबलं जाईल, पण उघडली तरी सुटणार नाही, असं ते म्हणाले. आजवर सगळ्यांनी ती मिटलेली असतानाच बुजवली होती. तो कोपरा रात्रभर सासूबाईंचं वजन घेऊन तसाच बसून होता. मी दोनदा उठून पाहून आले. बादल्यांकडे बघून हात जोडावेसे वाटतील असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

रविवारी दहाला सासूबाई आंघोळीला गेल्या. काका खाली छताच्या फळीशी उभे होते. दिरांची गाडी फाटकातून आत आली, ते जिना चढून वर आले आणि बॅगेला हात घालू लागले. "थांबा भाऊजी," मी म्हटलं. आतून पाण्याचा आवाज येत होता. दहा मिनिटं झाली, वीस झाली. पाणी थांबलं. तरी खालून काही नाही. मग जिन्यावर एका पायावर जोर देत चढणारी पावलं आली. काकांनी हातातली पट्टी माझ्यापुढे धरली. मी ती घेतली, गालाला लावून पाहिली. कोरडी होती. मी तिथेच, दिरांसमोर, रडले.

आतून दार किलकिलं झालं.

"अगं, माझं लुगडं त्या बॅगेत आहे," सासूबाई म्हणाल्या. "काढून दे."

मी बॅगेची चेन ओढली.

"आणि काढतेच आहेस, तर सगळंच काढ."